थंड मुलखात घर बांधायचंय, आई बसणार कुठे? (प्लॅन बघायला मदत हवीय)

सातेरीची_लेक

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांब झालंय, पण वाचा प्लीज.

मी फोंड्याला एका आर्किटेक्टकडे १८ वर्षं ड्रॉइंगचं काम करते. एवढ्या वर्षांत जी घरं काढली त्यांत दोनच गोष्टी सांभाळायच्या, वारा आत आला पाहिजे आणि पाऊस आत येता कामा नये. समोरासमोर खिडक्या, उंच कौलारू छप्पर, पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात म्हणून बाहेर काढलेले वासे. आता माझा धाकटा भाऊ कॅनडात सास्काटूनला असतो, सात वर्षं झाली, त्यानं गावाबाहेर प्लॉट घेतलाय. तिकडे जानेवारीत उणे ३० म्हणजे कुणाला नवल वाटत नाही. बिल्डरनं दिलेला प्लॅन त्यानं मला पाठवला आणि म्हणतो ताई तू बघून सांग. दोन आठवडे मी त्या ड्रॉइंगकडे बघतेय आणि अर्ध्या रेषा कशासाठी आहेत तेच कळत नाही. भिंतीत पाच थर आहेत, त्यात एक प्लास्टिकचा कागद आहे, तळघरात हवेचं कसलंतरी मशीन आहे.

मला ही काळजी का आहे ते सांगते. पहिली तीन वर्षं ते भाड्याच्या बेसमेंटमध्ये होते. दुसऱ्या हिवाळ्यात भाच्याचा खोकला काही केल्या जाईना, शेवटी कपाट सरकवलं तर मागची अख्खी भिंत काळी, बुरशीनं. आपल्याकडे श्रावणात चपलांवर येते ना तशीच, पण वर्षाचे बारा महिने तिथेच बसलेली. घरमालक म्हणाले फडक्यानं पुसून घ्या. पुसलं, महिन्याभरात परत आली.

आणि दुसरी गोष्ट आईची. आई ७१ वर्षांची आहे. घरी ती दिवसाचा अर्धा वेळ पुढच्या दारच्या सोप्यावर असते, तांदूळ तिथेच निवडणार, आल्यागेल्याशी तिथूनच बोलणार. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत भावाकडे गेली तेव्हा पहिल्याच दिवशी खुर्ची खिडकीजवळ नेली, रस्ता दिसावा म्हणून. दहा मिनिटांत गुडघे धरून उठली. घरात २२ डिग्री दाखवत होतं आणि ती म्हणत होती मला इथे बसवत नाही, थंडी अंगावर येते. आम्ही सगळ्यांनी तिला सांगितलं की वय झालं म्हणून वाजते. मग ती दीड महिना हॉलच्या मधोमध सोफ्यावर शाल घेऊन बसली, बाहेर काही न बघता. पुढच्या वर्षी ती सहा महिन्यांसाठी जाणार आहे. त्या घरात आई खिडकीपाशी बसू शकली पाहिजे, एवढंच मला हवंय. प्लॅन सोबत जोडलाय, जाणकारांनी सांगा.

चिरेबंदी

बाय, प्लॅन बघितला. मी डिचोलीत ४० वर्षं बांधकामाची कंत्राटं घेतो, माझाच पहिला प्रश्न आहे, बाकीच्यांनी उत्तर द्यावं. ही भिंत लाकडाची आहे. दोन बाय सहाचे उभे वासे, बाहेरून फळी, आतून जिप्समचा बोर्ड. आपण चिऱ्याची भिंत घालतो, गिलावा नसला तरी शंभर वर्षं उभी राहते. उणे ३० डिग्रीला लाकडाची पोकळ भिंत काय अडवणार? दगडाची जाड भिंत घातली तर चालणार नाही का?

उणे_चाळीस

काका, मी मूळचा मडगावचा, सध्या रिजायनात असतो, सास्काटूनहून गाडीनं अडीच-तीन तास. मेकॅनिकल इंजिनियर आहे आणि घरांच्या हीटिंगचंच काम करतो, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

दगड मजबूत असतो पण उष्णता अडवत नाही, तो ती शोषतो आणि पलीकडे देतो. उष्णता अडवते ती कोंडलेली, न हलणारी हवा. गोधडी उबदार का असते, थरांमध्ये हवा अडकलेली असते म्हणून. त्या पोकळ भिंतीत काचेची किंवा दगडाची लोकर भरतात, नाहीतर जुन्या वर्तमानपत्रांचा भुगा. वीटकामाच्या मानानं त्या लोकरीतून साधारण वीसपट कमी उष्णता पळते. म्हणजे सहा इंच लोकर जे काम करते त्याला विटेची भिंत दहा फूट जाड लागेल. आणि ज्या लाकडी वाशांमध्ये ती भरतात ते वासे स्वतः लोकरीपेक्षा जास्त उष्णता पुढे नेतात. म्हणून इथे चांगले लोक एकीमागे एक अशा दोन भिंती उभ्या करतात, म्हणजे आतल्या वाशाचा बाहेरच्या वाशाला स्पर्शच होत नाही.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. आमच्या रिजायनातच १९७७ साली एक घर बांधलं, सास्कॅचवन कॉन्झर्व्हेशन हाउस. हॅरल्ड ऑर नावाचे इंजिनियर त्या टीममध्ये होते. फूटभर जाडीच्या दुहेरी भिंती, छपरात त्याहून जास्त इन्सुलेशन, फटी जवळजवळ नाहीतच, आणि बाहेर टाकायच्या हवेतली ऊब काढून आत येणाऱ्या हवेला देणारं यंत्र. घर तापवायची नेहमीची भट्टी त्या घरात बसवलीच नाही. पुढे जर्मनीत डार्मस्टाटला १९९०-९१ मध्ये पहिलं पासिव्हहाउस, म्हणजे अगदी थोड्या हीटिंगवर भागणारं घर, उभं राहिलं, वोल्फगांग फाइस्ट यांचं, त्याची बरीचशी मुळं रिजायनाच्या या घरात आहेत असं ते लोक स्वतः मानतात. आज त्या पासिव्हहाउसचा नियम असा की वर्षभराच्या हीटिंगसाठी दर चौरस मीटरला १५ युनिटपेक्षा जास्त लागता कामा नये.

ताई, तुमच्या प्लॅनमध्ये साधी सहा इंची भिंत आहे. भावाला विचारा बाहेरून आणखी तीन-चार इंच कडक इन्सुलेशनचा थर चढवायला बिल्डर तयार आहे का. पैसे टाइल्समध्ये वाचवा, स्वयंपाकघराच्या ओट्यात वाचवा, ते दहा वर्षांनी बदलता येतं. भिंत परत उघडता येत नाही.

सातेरीची_लेक

धन्यवाद दादा, गोधडीचं पटलं. पण मग तो प्लास्टिकचा कागद? मला भीती वाटते, आपल्याकडे भिंतीला आतून काही प्लास्टिकसारखं लावलं तर त्यामागे पाणी साचतं आणि पोपडे धरतात.

उणे_चाळीस

बरोबर भीती वाटतेय, आणि त्या बुरशीचं उत्तरही इथेच आहे.

गोव्यात पाणी बाहेर असतं. पावसाळ्यात बाहेरची हवा ओलीचिंब, ती आत येते आणि एसीनं गार केलेली खोली असेल तर त्या गार भिंतीवर पाणी धरते. इथे उलटं आहे. बाहेरची हवा एवढी कोरडी की उणे २० ची हवा आत आणून नुसती २० डिग्रीला तापवली तर तिच्यात आर्द्रता राहते चार-पाच टक्के. नाकातून रक्त येतं, ब्लँकेट झटकलं तर ठिणग्या दिसतात. पाणी असतं घराच्या आत. चार माणसांचं कुटुंब श्वास, आंघोळ, भात शिजवणं, कपडे वाळवणं हे सगळं धरून दिवसाला सहज दहा लिटर पाणी हवेत सोडतं. ती वाफ बाहेर जायला बघते, भिंतीतल्या फटीतून आत शिरते, मध्ये कुठेतरी एवढी थंड जागा येते की तिथे तिचं पाणी होतं, बर्फ होतो, आणि मार्चमध्ये तो वितळला की लाकूड कुजायला लागतं. म्हणून प्लास्टिक नेहमी उबदार बाजूला, म्हणजे इथे आतून, जिप्समच्या लगेच मागे. हाच कागद गोव्यात त्याच जागी लावला तर तुम्ही म्हणता तसंच होणार.

पण मंडळी कागदापेक्षा महत्त्वाच्या आहेत फटी. कागदातून हळूहळू झिरपणाऱ्या वाफेपेक्षा एका छोट्या भोकातून वाहणारी हवा कितीतरी पट जास्त पाणी भिंतीत नेते. विजेच्या बोर्डाचा डबा भिंतीत बसवताना इलेक्ट्रिशियन कागद कापतो आणि तसाच सोडतो. आमच्या जुन्या घरात मी जानेवारीत रात्री बाहेरच्या भिंतीवरच्या प्रत्येक स्विचसमोर ओला हात धरत फिरलो होतो, अकरापैकी सात ठिकाणी बोटांना वारा लागला. घर पुरं व्हायच्या आधी, भिंती झाकायच्या आधी, दारात पंखा बसवून हवा खेचून फटी शोधायची टेस्ट असते, ब्लोअर डोअर म्हणतात. ती भावाला करारातच लिहून घ्यायला सांगा. झाकल्यावर करून उपयोग नाही.

आणि कपाटामागे बुरशी का आली? बाहेरची भिंत आधीच थंड, त्यात कपाट टेकवून ठेवलं की खोलीची ऊब तिथे पोचत नाही, कोपरा आणखी गार पडतो आणि घरातली वाफ तिथे पाणी होऊन बसते. पुसून ती जाणार नव्हतीच. कुटुंबाची काही चूक नव्हती त्यात.

पोफळीचं_बन

एक शंका. सगळ्या फटी बुजवल्या तर श्वास कसा घ्यायचा? आमच्या आजोबांचं घर सत्तरीत आहे, कौलांमधून ऊन दिसतं, धूर आपोआप वर जातो. मला तर डबाबंद घर ही कल्पनाच सहन होत नाही.

दाक्तरीण

याला मी उत्तर देते. मी सायबेरियात सहा वर्षं मेडिकल शिकले, आता म्हापशाला प्रॅक्टिस करते.

आमचं हॉस्टेल जुनं, रशियन पद्धतीचं. गरम पाणी गावच्या मध्यवर्ती भट्टीतून पाइपनं यायचं, खोलीतल्या रेडिएटरला बंद करायची चावीच नव्हती, बाहेर उणे २८ आणि आत आम्ही टीशर्टवर. मग करायचं काय तर खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात एक छोटीशी झडप असते, फोर्तोच्का म्हणतात, ती दिवसातून तीन-चार वेळा उघडायची. हवा बदलते पण एवढी ऊब रस्त्यावर जाते. खिडक्यांना लाकडी तावदानांच्या दोन जोड्या, मध्ये वीतभर जागा, आणि ऑक्टोबरमध्ये आम्ही सगळ्या मुली मिळून फटींवर कागदाच्या पट्ट्या चिकटवायचो. त्या वीतभर जागेत दूध, लोणी ठेवायचं, फ्रिज नव्हता.

माझी रूममेट याकुत्स्कची होती. तिथे जानेवारीची सरासरीच उणे ३५ च्या खाली असते. तिच्या गावात जमीन खाली कायमची गोठलेली आहे, वर थोडी उन्हाळ्यात विरघळते. घर सरळ जमिनीवर बांधलं तर घराच्याच उबेनं खालचं बर्फ वितळतं आणि घर वाकडं होऊन खचतं. म्हणून मोठ्या इमारती खोल खांबांवर, खाली मोकळी जागा, त्यातून वारा खेळता, म्हणजे जमीन थंडच राहावी. पाण्याचे, हीटिंगचे पाइप रस्त्यावरून उघडे नेतात, रस्ता ओलांडताना कमानीसारखे वर चढतात. ती मला फोटो दाखवायची आणि मी तिला आमच्या मळ्याचे.

डॉक्टर म्हणून सांगते, ताई, भाच्याच्या खोकल्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून वाईट वाटलं. बुरशी असलेल्या ओल्या खोलीत लहान मुलांचा दमा-खोकला वाढतो, औषधं देऊन भागत नाही, खोलीच बदलावी लागते. म्हणून ते हवेचं मशीन कृपा करून प्लॅनमधून काढू देऊ नका.

उणे_चाळीस

डॉक्टरताईंशी शंभर टक्के सहमत. त्या मशीनला इथे सगळे एचआरव्ही म्हणतात, म्हणजे हीट रिकव्हरी व्हेंटिलेटर. पेटीत पातळ पत्र्यांची चळत असते, एका बाजूनं बाथरूम-किचनची कोंदट गरम हवा बाहेर जाते, शेजारच्या पोकळीतून ताजी हवा आत येते, दोन्ही मिसळत नाहीत पण पत्र्यातून ऊब इकडून तिकडे जाते. बरंच चांगलं यंत्र तीन चतुर्थांश ऊब परत आणतं. कडाक्यात पेटीत बर्फ धरतो, तेव्हा ते थोडा वेळ स्वतःच बाहेरची हवा बंद करून वितळवून घेतं, भावानं घाबरू नये. फिल्टर दर दोन-तीन महिन्यांनी धुवायचा, ते मात्र आठवणीनं.

डबाबंद घरात उलट हवा कुठून येते, किती येते, कुठल्या खोलीत जाते हे तुम्ही ठरवता. फटीच्या घरात ते वारा ठरवतो.

माजघर

मी मूळची साखळीची, बारा वर्षं उत्तर स्वीडनमध्ये लुलेओला. डिसेंबरात आमच्याकडे दिवस जेमतेम तीन तासांचा. मी इंजिनियर नाही, घर चालवते, म्हणून घर चालवणारीनं काय बघायचं ते लिहिते.

दोन दारं! बाहेरचं दार, मग छोटी खोली, मग आतलं दार. एक उघडताना दुसरं बंद. या प्लॅनमध्ये पुढचं दार सरळ हॉलमध्ये उघडतंय, म्हणजे कुणी आलं की उणे तीसचा लोट आईंच्या पायावर. आपल्या घरात कशी आधी अंगण, मग पडवी, मग माजघर, बाहेरचा माणूस एकदम आत येत नाही, तशी इथे थंडी एकदम आत येता कामा नये. त्या खोलीत बसायला बाक हवा, उभ्यानं बूट काढताना म्हातारी माणसं पडतात. बुटांखाली पाणी निचरेल अशी जाळी हवी, कारण प्रत्येक बुटाबरोबर अर्धी वाटी बर्फ येतो आणि त्याचं तळं होतं. पाच माणसांची जाड जॅकेटं, टोप्या, हातमोजे, मुलांचे डांगरी सूट यांना किती जागा लागते ते मोजा आणि दुप्पट करा. आमच्या घरात कपडे सुकवायचं उबदार कपाट आहे, मुलांचे ओले हातमोजे रात्री त्यात टांगले की सकाळी कोरडे. मला ते बघून दरवेळी आमच्या आईची आठवण येते, पावसाळ्यात चुलीवर दोरी बांधून गणवेष सुकवायची.

आता मासे. हे कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. घट्ट घरात बांगडे तळले की वास तीन दिवस पडद्यात बसतो. बिल्डर बहुतेक वेळा जी चिमणी देतात ती हवा गाळून परत खोलीतच सोडते, ती उपयोगाची नाही, बाहेर नेणारी हवी.

उणे_चाळीस

माजघरताई, अगदी महत्त्वाचं बोललात आणि त्यात एक धोका आहे तो सांगतो. मोठी चिमणी घट्ट घरातून हवा खेचते तेव्हा तेवढी हवा कुठूनतरी आत यावी लागते. गॅसवर चालणारा जुन्या पद्धतीचा वॉटर हीटर किंवा भट्टी असेल तर तिच्या धुराड्यातूनच उलटी हवा ओढली जाते आणि कार्बन मोनॉक्साइड घरात येतो, ज्याला वास नाही. त्यामुळे गॅसची उपकरणं बंद नळीची, स्वतःची हवा बाहेरून घेणारी हवीत, चिमणीबरोबर हवा आत यायची वेगळी वाट हवी, आणि झोपायच्या खोल्यांजवळ अलार्म. ही गोष्ट कुणी हलक्यात घेऊ नका.

आणखी एक चूक दिसली. सिंक उत्तरेच्या खिडकीखाली बाहेरच्या भिंतीला आहे आणि नळाचा पाइप त्याच भिंतीतून वर आणलाय. तो गोठणार. गोठलेलं पाणी फुगतं, पाइप फुटतो, वितळल्यावर घरभर पाणी. पाइप जमिनीतून ओट्याच्या आतून वर आणायला सांगा, बाहेरच्या भिंतीत एकही पाण्याची नळी नको.

चिरेबंदी

पायाचं कुणी बोललं नाही. तळघर कशाला काढलंय, हौस म्हणून?

उणे_चाळीस

नाही काका, गरज म्हणून. या भागात जमीन दीड-दोन मीटर खोल गोठते. ओल्या मातीत बर्फाचे थर वाढत जातात आणि पाया वर उचलतात, सगळीकडे सारखं नाही, एका कोपऱ्याला जास्त. म्हणून पाया त्या खोलीच्या खाली न्यावा लागतो. एवढं खणायचंच तर लोक तिथे खोल्या करतात. फक्त तळघराच्या भिंतींनाही इन्सुलेशन हवं, जे त्या भाड्याच्या बेसमेंटमध्ये बहुतेक नव्हतं.

छपराचंही सांगून टाकतो. आपलं छप्पर पाऊस उतरवण्यासाठी. इथे घरातली ऊब माळ्यात झिरपली की छपरावरचं बर्फ खालून वितळतं, पाणी घरंगळत कडेला येतं, कडेखाली ऊब नसते म्हणून तिथे परत गोठतं, बांध तयार होतो आणि मागचं पाणी शिंगल्सच्या, म्हणजे छपरावरच्या चपट्या कौलांसारख्या तुकड्यांच्या, खालून घरात. लोक कडेला लोंबणाऱ्या बर्फाच्या सुया बघून फोटो काढतात, मला त्या दिसल्या की आतली ऊब कुठून गळतेय तेवढंच दिसतं. उपाय, छताच्या तक्तपोशीवर भरपूर इन्सुलेशन आणि वरचा माळा मोकळ्या हवेचा, थंडच.

लेहवाला

मी पणजीचा, कामानिमित्त लेहला दोन हिवाळे काढले. तुम्ही सगळे यंत्रांबद्दल बोलताय ते खरंच आहे, पण ऊन विसरू नका.

लेह साडेतीन हजार मीटरवर, रात्री उणे २० होतं, पण आकाश निळं आणि ऊन कडक. तिथली जुनी घरं मातीच्या कच्च्या विटांची, जाड, पॉपलरचे वासे, वर विलोच्या काटक्या, गवत, माती. उत्तरेला खिडकी जवळजवळ नाहीच. दक्षिणेला हल्ली काचेची खोली काढतात, शेलखांग म्हणतात. मी ज्यांच्याकडे भाड्यानं होतो त्या आमाले, म्हणजे घरच्या आई, डिसेंबरात सकाळी नऊपासून तीनपर्यंत त्याच खोलीत. लोकर तिथेच कातायच्या, जेवायच्या तिथेच. ऊन गेलं की काचेला जाड पडदा आणि मग स्वयंपाकघरात चुलीपाशी. संडास कोरडा, माती टाकायची, म्हणजे गोठायला पाइपच नाही. जवळच फे गावात सेकमोल या पर्यायी शाळेचा कॅम्पस बघितला, मातीच्या भिंती, दक्षिणेला काच, हिवाळ्यात काही न जाळता वर्गात मुलं बसलेली. काही घरांत काचेमागे काळी रंगवलेली जाड भिंत असते, दिवसा ऊन पिते आणि रात्री आत सोडते, त्रोंब वॉल. फ्रान्समध्ये ओदेइयोला १९६७ मध्ये तशी घरं बांधली होती.

ताई, आईंच्या खुर्चीची दिशा बदला. प्लॅनमध्ये हॉलची मोठी खिडकी उत्तरेला रस्त्याकडे आहे.

तारवटी_काका

लेहवाल्यांनी उजेडाचा विषय काढला म्हणून लिहितो. मी वास्कोचा, ३१ वर्षं जहाजावर. उत्तर ध्रुवाच्या बाजूला नॉर्वेची स्वालबार्ड बेटं आहेत, तिथे लाँगयिअरब्येन म्हणून गाव आहे, ७८ अक्षांशावर, ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. घरं लाकडी खांबांवर आणि रंग एकेकाचा वेगळा, गेरू, हळदी, हिरवा, निळा, गोठलेल्या काळोखात दिवा पडला की तो रंग बघून जिवाला बरं वाटतं. हॉटेलात, म्युझियममध्येसुद्धा बूट दारात काढून आत जायचं, मला एकदम घरची सवय आठवली. नॉर्वेत र्‍युकान गाव दरीत आहे, हिवाळाभर ऊन पोचत नाही, तर त्यांनी २०१३ मध्ये डोंगरावर आरसे बसवले आणि ऊन खाली चौकात पाडलं, त्या उन्हाच्या तुकड्यात येऊन माणसं उभी राहतात.

माणसाला ऊब आणि उजेड दोन्ही लागतं. आईला खिडकी नक्की द्या. खिडकीत संध्याकाळी एक पिवळा दिवा पण द्या, उत्तरेकडच्या देशांत नाताळाआधी प्रत्येक खिडकीत लावतात, बाहेरून येणाऱ्यालाही बरं वाटतं.

सातेरीची_लेक

सगळ्यांचं वाचून रविवारी बसून गणित मांडलं, कुणी चूक काढली तर बरं.

सास्काटून ५२ अक्षांशावर. २१ डिसेंबरला दुपारचा सूर्य क्षितिजावर फक्त साडेचौदा अंश, २१ जूनला साधारण ६१ अंश. आपल्याकडे जूनमध्ये सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेकडेच झुकतो, म्हणून मी कधी दक्षिणेच्या छज्जाचा असा विचारच केला नव्हता. तिथे दक्षिणेच्या खिडकीवर ६० सेंटीमीटरचा छज्जा काढला तर जूनच्या दुपारी त्याची सावली एक मीटरहून खाली येते, आणि डिसेंबरात जेमतेम १५-१६ सेंटीमीटर, म्हणजे ऊन सरळ खोलीत खोलवर. एकच छज्जा, दोन्ही ऋतूंना पुरतो. भाऊ म्हणतो तिकडे हिवाळ्यात ढग कमी आणि ऊन लख्ख असतं, बर्फावरून परतून आणखी येतं.

आता आईची खिडकी. बाहेर उणे ३०, आत २१ धरलं. साध्या दुहेरी काचेची आतली बाजू येते साधारण २-३ डिग्री. चांगली तिहेरी काच असेल तर १५-१६. भावाच्या भाड्याच्या घरातली खिडकी साधी दुहेरी होती. म्हणजे आई दोन डिग्रीच्या पत्र्यासमोर बसली होती, तिच्या अंगाची ऊब त्या काचेकडे जात होती आणि काचेवर गार झालेली हवा घसरून तिच्या पायावर येत होती. भिंतीवरचं यंत्र मधल्या हवेचे २२ दाखवत होतं. तिला खरंच थंडी वाजत होती.

मी काल तिला हे सांगितलं. आई आम्ही तुला वय झालं म्हणालो ते चूक होतं, काच थंड होती. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली मी सांगत होते तुम्हाला.

माजघर

हे वाचून डोळ्यात पाणी आलं ताई.

उणे_चाळीस

गणित बरोबर आहे. आणि खोलीत ३० टक्के आर्द्रता असेल तर दव धरायला तीन डिग्रीची काच पुरते, म्हणून त्या दुहेरी काचांच्या तळाशी रोज सकाळी पाणी साचलेलं दिसत असणार. तिहेरीला ते होणार नाही. फ्रेम अॅल्युमिनियमची घेऊ नका, धातू ऊब बाहेर नेतो, लाकूड किंवा फायबरग्लास.

पोफळीचं_बन

माझी शंका फिटली. एक विचारतो, एवढं सगळं करून खर्च परवडतो का?

उणे_चाळीस

वाढीव खर्च होतो, खोटं बोलणार नाही. पण हीटिंगचं यंत्र लहान लागतं आणि बिल दर महिन्याला कमी येतं. आणि ज्या रात्री वीज जाते, इथे वादळात जाते, त्या रात्री फटीचं घर काही तासांत गारठतं, हे घर दुसऱ्या दिवसापर्यंत धरून ठेवतं. घरात लहान मूल आणि म्हातारं माणूस असेल तर माझ्या मते हिशेब तिथेच संपतो.

सातेरीची_लेक

अपडेट देते. भावाचं बिल्डरशी बोलणं झालं. बाहेरून तीन इंच जादा इन्सुलेशन मान्य, चारला नाही म्हणाला. ब्लोअर डोअर करारात लिहिलं, भिंती झाकायच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. सिंकची नळी ओट्यातून. चिमणी बाहेर जाणारी, हवा आत यायची वाट वेगळी. पुढच्या दाराला दोन दारांची खोली मी काढून दिली, आठ बाय सात फूट, बाकासकट, त्यासाठी हॉल दोन फूट लहान झाला आणि वहिनी आधी नाराज होती, माजघरताईंचा प्रतिसाद वाचून दाखवल्यावर तिनंच जॅकेटांच्या खुंट्या वाढवून घेतल्या. उत्तरेच्या दोन खिडक्या कमी केल्या. मोठी काच दक्षिणेला, तिहेरी, लाकडी फ्रेम, वर ६० सेंटीमीटरचा छज्जा. तिथून रस्ता पूर्ण दिसत नाही, पण वळण दिसतं आणि शाळेची पिवळी बस थांबते ती जागा दिसते, भाचा उतरताना दिसेल.

काचेखाली भिंतीतच बैठक काढलीय. तिची उंची किती ठेवायची ते मी आईला विचारलं, तर ती काही न बोलता टेप घेऊन पुढच्या दारी गेली, सोपा मोजला आणि आतून ओरडून सांगितलं, साडेसतरा इंच. ड्रॉइंगमध्ये तेवढीच घातलीय.